पायधुणीला पाय कुठे धुवायचे?

तुम्ही विचारलंय की पायधुणी, उमरखाडी, धोबीतलाव या मुंबईतल्या नावांमध्ये सगळं पाणीच पाणी, आणि प्रत्यक्षात तिथे दुकानं, चाळी नि टॅक्सी. मग ही नावं पडली कशी? मी गिरगावात वाढलो आणि या नावांवर माझा फार जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुंबई सात बेटांची होती, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या बेटांच्या मध्ये सगळीकडे खोल समुद्र होता असं नाही. बऱ्याच ठिकाणी नुसता चिखल आणि दलदल होती. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये मोठं भगदाड होतं. ब्रीच कँडीतलं ‘ब्रीच’ ते हेच. भरतीला समुद्र तिथून आत घुसायचा आणि सखल जमिनीवर पसरत थेट पायधुणीपर्यंत यायचा. ओहोटी लागली की लोक त्या चिखलातून चालत मुंबई बेटाकडे यायचे आणि वस्तीत शिरण्याआधी पाय धुवायचे. तीच पायधुणी. तिथून जवळच, मुंबई आणि माझगाव या दोन बेटांच्या मधली खाडी म्हणजे उमरखाडी, उंबराच्या झाडांवरून ओळखली जाणारी.

हे पाणी गेलं ते बांध घातल्यामुळे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत, १७८० च्या दशकात, महालक्ष्मी ते वरळी बांध पुरा झाला. आजचा लाला लजपतराय मार्ग त्याच बांधावर आहे. बांधकाम पुन्हापुन्हा ढासळत होतं, तेव्हा रामजी शिवजी प्रभू या पाठारे प्रभू स्थापत्यकाराच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढून तिची स्थापना केल्यावर बांध टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका आहे. तिला इतिहास म्हणता येणार नाही, पण त्या बांधाने लोकांना किती छळलं असेल हे तिच्यावरून कळतं. बांध उभा राहिला आणि आतली दलदल हळूहळू भरली गेली. त्या भरावावर तेलंगणाकडून आलेले कामाठी मजूर राहायला आले, म्हणून कामाठीपुरा. शहराची कितीतरी बांधकामं ज्यांच्या हातची, त्यांची आठवण या एका नावात राहिली आहे आणि ते नाव आपण नाक मुरडून घेतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तलावांची गोष्ट वेगळी. ते समुद्राचे नाहीत, गोड्या पाण्याचे. शहराबाहेरच्या विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये नळाने आलं. तोवर शहर विहिरी आणि तलावांवर जगत होतं, आणि तलाव बांधणं, दुरुस्त करणं हे पुण्याचं काम समजलं जाई. धोब्यांच्या तलावाचा जीर्णोद्धार फ्रामजी कावसजी बनाजी यांनी केला. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल यांचा तलाव. गवालिया टँकवर गुरं पाण्याला यायची. तिथल्याच मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ ला ‘छोडो भारत’चा ठराव झाला. नळ आल्यावर तलावांची गरज संपली आणि त्यात डास होऊ लागले. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियावर अहवाल दिला. त्यात विहिरी आणि टाक्यांमधल्या डासांवर बोट ठेवलं होतं. श्रद्धेच्या कारणाने लोकांनी विरोध केला, तरी पुष्कळ विहिरी बंद झाल्या, तलाव बुजवले गेले. चर्चगेटजवळची १७२५ ची भिका बेहराम विहीर मात्र अजून आहे, पाण्यासकट. समुद्र इतका जवळ असूनही तिचं पाणी गोडं.

झाडांची नावंही अशीच. चिंचपोकळीत चिंच आहे, भायखळ्यात खळं आहे. भेंडी बाजाराबद्दल मात्र एक गोष्ट सारखी ऐकू येते, की इंग्रज त्याला ‘बिहाइंड द बझार’ म्हणत आणि त्याचं भेंडी झालं. मला हे अजिबात पटत नाही. भेंडीचं झाड (भाजीची भेंडी नव्हे) कोकणपट्टीत समुद्राकाठी सर्रास उगवतं. ज्या शहराने चिंच, उंबर, वड यांवरून वस्त्या ओळखल्या, त्याला भेंडीसाठी इंग्रजांची वाट पाहायची गरज नव्हती. चर्नी रोडचा मात्र निकाल लागत नाही: कुणी गुरांच्या चरणीवरून म्हणतात, कुणी ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांवरून.

शेवटी शीव. मुंबईची हद्द इथे संपायची आणि पलीकडे खाडी ओलांडली की साष्टी बेट, म्हणून शीव. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं सायन झालं. शीव नावाला एवढा स्पष्ट अर्थ असताना घरात, बसमध्ये, पत्त्यावर सायन लिहायचं कारण काय? मी पत्त्यावर शीवच लिहितो, आणि पत्र पोचतं.