वाचकांचे प्रश्न : गावासाठी झटणाऱ्या मुलीला शिष्यवृत्ती मिळेल का?

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. ती शालेय मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री होती. शाळेजवळच्या हातपंपाभोवती सांडपाणी साचत असे. तिने मैत्रिणींसह ग्रामसभेत अर्ज देऊन तिथे शोषखड्डा करवून घेतला. अमेरिकेत अशा विद्यार्थ्यांना दहा हजार डॉलर मिळतात, असे तिने वाचले. आमची कोरडवाहू शेती असून आम्ही इतर मागास प्रवर्गातील आहोत. तिला वकील व्हायचे आहे. तिला असे काही मिळू शकेल का?
— एक आई, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आपल्या मुलीने वाचले ते खरे आहे. अमेरिकी सिनेटचा युवा कार्यक्रम १९६२ पासून चालतो आणि त्यात प्रत्येक राज्यातून दोन विद्यार्थी प्रतिनिधी निवडून त्यांना ही रक्कम दिली जाते. परंतु तो तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यापुरताच आहे. आपल्याकडच्या प्रमुख सरकारी शिष्यवृत्त्या उत्पन्न, प्रवर्ग आणि गुण पाहून दिल्या जातात, नेतृत्व पाहून नव्हे. ही उणीव आहे, असे मला मनापासून वाटते.

तरीही तिचे काम वाया जाणार नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या संस्थेत लेखी परीक्षेनंतर मुलाखत होते, आणि शुल्क व निवासाचे साहाय्य कुटुंबाच्या उत्पन्नानुसार मिळते. आधी पदवी आणि मग तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम अशी तिची तयारी असेल, तर विदर्भाला जवळचे भोपाळचे केंद्र अवश्य पाहावे. मुलाखतीत केवळ ‘मी मुख्यमंत्री होते’ एवढ्याने भागत नाही. ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जाची शिक्का आणि आवक क्रमांक असलेली पोचप्रत, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल, शोषखड्ड्याचे आधीचे व नंतरचे छायाचित्र हे सारे एका फाइलमध्ये आताच लावून ठेवावे, कारण सरपंच किंवा ग्रामसेवक बदलल्यावर जुने कागद शोधून मिळणे फार अवघड होते.

पैशाची मुख्य वाट मात्र महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरूनच जाते. इतर मागास प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. महाविद्यालय निवडताना ते या सवलतीत बसते का, हे तिथल्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावे, कारण संस्थास्तरावरील जागेवर प्रवेश घेतल्यास ही सवलत हुकते. केंद्र सरकारची गुणवत्ता शिष्यवृत्ती वेगळी असून बारावीत आपल्या शाखेच्या वरच्या वीस टक्क्यांत येणाऱ्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरसाल १२,००० रुपये मिळतात. मात्र ती घेतल्यास राज्याची शिष्यवृत्ती किंवा शुल्कसवलत घेता येत नाही, म्हणून दोहोंपैकी फायद्याची कोणती, याचा हिशेब आधीच मांडावा.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र यांसाठी निकालाची वाट पाहू नये. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात आणि त्याच दिवसांत आपल्याकडे पेरणीचीही घाई असते. जातवैधता प्रमाणपत्राला सर्वाधिक वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज शाळेमार्फत याच महिन्यात द्यावा.