‘द स्काय इज एव्हरीव्हेअर’ दहावीतल्या पुतणीला वाचायला देऊ का?

मृत्यूचं दुःख आणि पहिलं प्रेम असा विषय, शिवाय सगळीकडे कौतुक ऐकलंय, म्हणून तुम्ही विचारताय. द्या खुशाल, पण माझी या पुस्तकाने साफ निराशा केली. का ते सांगते. कथानक फुटणार आहे, त्यामुळे हे उत्तर पुतणीला दाखवू नका.

जॅन्डी नेल्सनची ही पहिली कादंबरी, 2010 ची. उत्तर कॅलिफोर्नियातलं रेडवूडच्या झाडांतलं एक गाव. 17 वर्षांची लेनी क्लॅरिनेट वाजवते. तिची थोरली बहीण बेली नाटकाच्या तालमीत हृदयाचे ठोके बिघडून जागच्या जागी जाते. आई या मुली लहान असतानाच निघून गेलेली. घरात उरतात आजी, मामा आणि लेनी.

सुरुवात खरंच झकास आहे. घरातल्या एका कुंडीतल्या रोपाचा लेनीच्या तब्येतीशी संबंध आहे असं आजी मानते, आणि त्याच्या पानांवर डाग पडलेत म्हणून ती हवालदिल. लेनी मिळेल त्यावर कविता खरडते, कॉफीच्या कपावर, चॉकलेटच्या कागदावर, आणि तिथेच टाकून देते. प्रत्येक कवितेखाली ती कुठे सापडली याची नोंद आहे. माणूस गेल्यावर घरात कुणाशी बोलता येत नाही, ते इतक्या साध्या युक्तीने सांगितलेलं मी क्वचितच वाचलंय.

मग येतो जो फॉन्टेन. पॅरिसहून आलेला, लांब पापण्यांचा, हाताला लागेल ते वाद्य वाजवणारा, सदा हसतमुख. इतका गुळगुळीत मुलगा की त्याच्यावर काही चिकटतच नाही, लेनीचं दुःखसुद्धा नाही.

खरा पेच आहे टोबीचा. तो बेलीचा प्रियकर. त्याला आणि लेनीला एकमेकांत बेलीच दिसते आणि त्या ओढीतून दोघं जवळ येतात. वाचताना अवघडायला होतं, पण पटतं. पुढे कळतं की बेलीला दिवस गेले होते, दोघांचं लग्न ठरलं होतं. म्हणजे टोबीचं किती गेलंय बघा! पण लेखिकेला त्याचं काय करायचं ते सुचत नाही. जो त्या दोघांना चुंबन घेताना बघतो आणि तिथून पुढे प्रश्न एकच, रुसलेल्या जोला मनवायचं कसं. बहीण गेल्याची गोष्ट बाजूला पडते आणि आपण भलत्याच रुसव्याफुगव्यात अडकतो.

त्याला मनवायला लेनी आजीचे जिवापाड जपलेले गुलाब कापते. आजी भडकते. त्या प्रसंगात पुस्तक पुन्हा जिवंत होतं, कारण नात आजीचीही गेली आहे हे लेनीच्या (आणि बहुधा लेखिकेच्याही) तोवर ध्यानातच आलेलं नसतं. मला आजीची कादंबरी हवी होती. मिळाली ती एवढीशी.

भाषाही फार धापा टाकते, दर दोन ओळींनी उपमा. 2022 मध्ये यावर सिनेमाही आला, तो बघण्यापेक्षा पुस्तक बरं.

पुतणीला द्यायचंच असेल तर याच लेखिकेचं दुसरं पुस्तक, ‘आय विल गिव्ह यू द सन’, आधी द्या. त्याला 2015 चं प्रिंट्झ पारितोषिक आहे, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या पुस्तकांना मिळणारा अमेरिकेतला पुरस्कार. आई गेलेल्या जुळ्या भावंडांची गोष्ट, प्रेम त्यातही आहे, पण भांडण आधी भावाबहिणीचं आहे. जरा जाडजूड आहे, तेव्हा परीक्षा झाल्यावर.