पाळणाघराचे शुल्क कोणाच्या पगारातून मोजायचे?

इंग्लंडमध्ये रेडिंगला राहणाऱ्या एका जोडप्याने विचारले आहे की, अकरा महिन्यांच्या मुलीला तिथल्या नर्सरीत ठेवावे, की आईने नोकरी सोडून घरी राहावे. पती स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. पत्नी डिपेंडंट व्हिसावर गेली असून तिथे हिशेब विभागात नोकरी करते. नर्सरीचे पैसे भरल्यावर तिच्या पगारातले फार थोडे उरते. तिचे आईवडील ठाण्यात पाचपाखाडीला राहतात आणि सासू-सासरे ऐरोलीला. एका घरातून सांगणे येते की चार पैशांसाठी एवढ्याशा लेकराला परक्यांच्या हाती देऊ नका. दुसऱ्या घरातून येते की वर्ष-दीड वर्ष मुलीला इकडे आणून सोडा, आम्ही सांभाळतो.

माझे मत आधीच सांगते. नोकरी सोडू नये, मुलीला भारतात ठेवू नये, आणि चांगली नर्सरी किंवा घरगुती सांभाळ करणारी व्यक्ती मिळत असेल, तर पुढची दोन वर्षे हा खर्च जड वाटला तरी करावा.

पत्रातला हिशेब आईच्या पगारातून नर्सरीचे शुल्क वजा करून मांडलेला आहे. मूल दोघांचे असताना हे शुल्क एकटीच्या पगारातून का वजा व्हावे? समजा, तिच्या हातात महिन्याला दोन हजार पौंड येतात आणि नर्सरीला पंधराशे जातात, तर "पाचशे पौंडांसाठी नोकरी" असे म्हटले जाते. खरे पाहता दोघांच्या एकत्रित मिळकतीतून पंधराशे जात आहेत, आणि तेही कायमचे नव्हे. शिवाय इंग्लंडमध्ये प्रत्येकाचा प्राप्तिकर स्वतंत्रपणे मोजला जातो आणि वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. पत्नीने नोकरी सोडली, की तिच्या वाट्याची ही सवलत जवळजवळ पूर्ण वाया जाते. नोकरी देणारा तिच्या पेन्शनमध्ये जी भर घालतो, तीही थांबते. तीन वर्षांच्या खंडानंतर परक्या देशात पुन्हा त्याच पदावर आणि त्याच पगारावर उभे राहणे किती कठीण जाते, हे वेगळे सांगायला नको. या गोष्टी मांडल्या, की ते पाचशे पौंड बरेच मोठे दिसू लागतात.

आता शुल्क इतके का असते, हे पाहू. इंग्लंडच्या नियमानुसार दोन वर्षांखालील दर तीन मुलांमागे किमान एक माणूस असावा लागतो, आणि दोन वर्षांच्या मुलांसाठी दर पाच मुलांमागे एक. म्हणजे तान्ह्या मुलाच्या शुल्कात एका माणसाच्या पगाराचा तिसरा हिस्सा, त्यात जागेचे भाडे आणि इतर खर्च, हे सगळे येते. मूल मोठे होईल तसा हा भार उतरतो.

सरकारी मदतीबाबत मात्र अनेक मराठी कुटुंबांचा गैरसमज असतो. सप्टेंबर २०२५ पासून नोकरदार आईवडिलांच्या नऊ महिन्यांवरील मुलांना वर्षातले ३८ आठवडे, आठवड्याला ३० तासांचा सांभाळ सरकारी खर्चाने मिळतो, हे ऐकून पुष्कळ जण निश्चिंत होतात. परंतु दोघांच्याही व्हिसावर सार्वजनिक निधी वापरण्यास मनाई असेल, तर ही सवलत मिळत नाही, आणि शुल्कात सरकार भर घालते ती टॅक्स-फ्री चाइल्डकेअर योजनाही मिळत नाही. स्किल्ड वर्कर आणि डिपेंडंट व्हिसावर ही मनाई सहसा असतेच. दोघांपैकी एकाला जरी कायम वास्तव्याचा हक्क मिळालेला असेल, तरी चित्र बदलते. आणि तीन वर्षे पूर्ण झाल्यानंतरच्या सत्रापासून प्रत्येक मुलाला मिळणारे आठवड्याचे १५ तास आईवडिलांच्या व्हिसावर अवलंबून नसतात. म्हणून या जोडप्याने पूर्ण शुल्काचा हिशेब सुमारे दोन वर्षांचा धरावा.

आजी-आजोबांना तिकडे बोलवण्याबद्दल मी थोडे सविस्तर लिहिते, कारण ठाण्या-नवी मुंबईत ही बाजू मला रोज दिसते. मुलीकडचे सहा महिने, मग मुलाकडचे सहा महिने, अशी पाळी लावण्याची पद्धत आता घरोघरी आहे. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर एका वेळी सहा महिने राहता येते. नातवंडाकडे पाहायला हरकत नसते, पण भेट खरी आणि अल्पकाळाची असावी, पगारी दाईच्या जागी त्यांना आणलेले नसावे, आणि पाठोपाठच्या भेटींतून तिथेच वास्तव्य होऊ नये, अशी अपेक्षा असते. आजारपण आले, तर पाहुण्यांना सरकारी रुग्णालयातील उपचारांसाठी नेहमीच्या दराच्या दीडपट आकारणी होऊ शकते, आणि रक्तदाब किंवा मधुमेह आधीपासून असेल, तर तो विम्यात धरला आहे की नाही, हे निघण्यापूर्वीच वाचून घ्यावे लागते. त्यापलीकडे आणखी एक गोष्ट आहे. पाचपाखाडीत सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारणाऱ्या, गडकरी रंगायतनला मैत्रिणींबरोबर नाटकाला जाणाऱ्या बाईला नोव्हेंबरात चार वाजता अंधारणाऱ्या गावात, दिवसभर एका धावत्या मुलीमागे एकटीला ठेवणे, हा तिच्यावरचा मोठा भार आहे. ती "मला काही त्रास नाही" असेच म्हणणार. तिचे हे म्हणणे जसेच्या तसे धरू नये.

मुलीला ऐरोलीला आणून ठेवण्याचा सल्ला प्रेमापोटी आलेला आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही तो मानू नये. साधारण आठव्या महिन्यापासून मूल आपली माणसे आणि परकी माणसे यांत स्पष्ट भेद करू लागते, आणि पुढचे वर्षभर जवळच्या माणसाचे दूर जाणे त्याला विशेष बोचते. अशा वयात आधी आईवडील दुरावतील, मग अडीच वर्षांची झाल्यावर जिला ती आई मानू लागली आहे ती आजी दुरावेल. दोन्ही ताटातुटी टाळता येण्यासारख्या असताना त्या मुलीच्या वाट्याला का द्याव्यात? नर्सरीतले मूल रोज संध्याकाळी आईच्या कुशीत परत येते. हा फरक फार मोठा आहे.

आजी-आजोबांच्या भीतीला कारणही आहे. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेल्या मारहाणीची सीसीटीव्ही चित्रफीत नवी मुंबईतल्या प्रत्येक घराने पाहिली, आणि ती विसरली गेलेली नाही. म्हणून त्यांना "तिकडे असे होत नाही" असे सांगून गप्प करू नये. तुम्ही काय तपासले, ते सांगावे. नर्सऱ्यांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेड या तिथल्या सरकारी संस्थेचा अहवाल वाचावा. तान्ह्यांच्या खोलीतली माणसे किती वर्षे तिथे आहेत, हे विचारावे. सारखी माणसे बदलणारी नर्सरी कितीही देखणी असली, तरी मी ती घेणार नाही. प्रत्येक मुलासाठी एक ठरलेली "की पर्सन" असणे तिथे बंधनकारक आहे. तिला प्रत्यक्ष भेटावे आणि ती रडणाऱ्या मुलाला कशी उचलते, ते पाहावे. नोंदणीकृत चाइल्डमाइंडरचाही विचार करावा. ती स्वतःच्या घरी सहसा पाच वर्षांखालील तीनच मुले एका वेळी सांभाळते. नौपाड्यातल्या घरगुती पाळणाघरांत वाढलेल्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. आज आजी झालेल्या कितीतरी जणींनी ठाण्याहून सकाळची लोकल पकडून बँकेत, मंत्रालयात नोकऱ्या केल्या त्या अशाच एखाद्या काकूंच्या भरवशावर, आणि त्यांची मुले आज परदेशात संसार करत आहेत. याची त्यांना प्रेमाने आठवण करून द्यावी.

मुलाच्या वाढीवर काय परिणाम होतो? अमेरिकेत १९९१ पासून दहा ठिकाणच्या तेराशेहून अधिक मुलांचा अनेक वर्षे अभ्यास झाला. त्यात केवळ आईने सांभाळलेल्या आणि बाहेर सांभाळलेल्या मुलांच्या वाढीत एकंदर मोठा फरक दिसला नाही. घरचे वातावरण सर्वांत प्रभावी ठरले, चांगल्या दर्जाच्या सांभाळाचा भाषेला थोडा फायदा झाला, आणि फार जास्त तास बाहेर राहिलेल्या मुलांत हट्टीपणाच्या तक्रारी किंचित अधिक आढळल्या. म्हणून दर्जाकडे लक्ष द्यावे आणि तास शक्य तितके आटोक्यात ठेवावेत.

पहिला हिवाळा कठीण जाईल. सर्दी-ताप पाठोपाठ येतील, उलटी-जुलाब थांबल्यानंतर ४८ तास नर्सरी मुलीला घेणार नाही, आणि घरी राहिलेल्या दिवसांचेही पैसे सहसा भरावेच लागतात. अशा दिवशी कोण घरी थांबणार, हे आधीच आळीपाळीने ठरवावे. ते आपोआप आईवर येऊ देऊ नये. नोकरी करणाऱ्या पालकाला प्रत्येक मुलामागे एकूण १८ आठवड्यांची बिनपगारी रजा घेता येते, वर्षाला सहसा चार आठवडे. तिला पती-पत्नी दोघेही पात्र आहेत.

मराठीची काळजी करू नये, पण घरी मराठीच बोलावे. पाणी, भूक, झोप, शी असे मुलगी वापरते ते शब्द उच्चारासह लिहून की पर्सनकडे द्यावेत. खाण्याबद्दलची बंधनेही लेखी द्यावीत. तोंडी सांगितलेले दुसऱ्या पाळीतल्या बाईपर्यंत पोहोचत नाही.

इतर देशांतल्या वाचकांनी आपापले नियम वेगळे पाहावेत. जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरातील जागेचा कायदेशीर हक्क आहे, तरी जागा मिळवायला वेळ लागतो. अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावरच्या सर्वांनाच कामाची परवानगी मिळत नाही. ती हाती असेल, तर नोकरी सोडण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.

या जोडप्याने आधी कामाच्या वेळा जुळवून पाहाव्यात. ६ एप्रिल २०२४ पासून वेळा बदलून मागण्याचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे, आणि दोघांनी सुरुवात-शेवट वेगळे ठेवले, तर मुलीचा नर्सरीतला दिवस दीड-दोन तासांनी कमी होतो. तरीही घरभाडे भागत नसेल, तर पत्नीने नोकरी न सोडता काही काळ चार दिवसांवर यावे. पतीच्या व्हिसाला किमान वेतनाची अट असल्यामुळे त्याला तास कमी करणे अवघड आहे. ज्या घरात मुख्य व्हिसा पत्नीचा आहे, तिथे हेच उलट लागू होईल. आणि पाचपाखाडीच्या आईवडिलांचे तिकीट नर्सरीचा पहिला दिवस ठरल्यावर, त्याच्या दोन आठवडे आधीचे काढावे. मुलगी रुळेपर्यंत ते घरी असतील, दुपारी लवकर आणायला जातील, आणि ती आजारी पडली तर दोघांच्याही रजा वाचतील.