चेहरा तेलकट, तरी ओढल्यासारखा का वाटतो?

"ताई, दुपारपर्यंत चेहरा तेलाने चमकतो आणि तोंड धुतलं की कातडी ओढल्यासारखी होते. मग मी तेलकट त्वचेचं घ्यायचं की कोरड्या त्वचेचं?"

त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीने समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यासमोर सतत येतो. इथे तो विचारणारी मुलगी 23 वर्षांची. तिला नेहा म्हणू, तिचं खरं नाव वेगळं आहे. मोबाइलवरच्या प्रश्नावल्या भरून तिने आपल्या त्वचेचा प्रकार शोधला होता आणि दरवेळी उत्तर निराळं आलं होतं. प्रत्येक उत्तरामागे नवी खरेदी झाली. तरी गालांवर लाली, नाकाच्या कडेला पापुद्रे आणि साधं पाणी लागलं तरी चुरचुर. अलीकडे तर मैत्रिणींसोबत फोटो काढायचे म्हटलं की ती बाजूला होत होती. हे सांगताना तिचा आवाज खाली गेला, तेव्हा बाटल्यांबद्दल बोलायच्या आधी मी तिला एवढंच सांगितलं की तुझ्या त्वचेला जे झालंय ते भरून येण्यासारखं आहे.

मग तिचा दिवस विचारला. सकाळी सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, बाहेरून आल्यावर पुन्हा तोच, रात्री स्क्रब, त्यावर अल्कोहोल असलेला टोनर आणि झोपताना रेटिनॉलचं (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) सीरम. मॉइश्चरायझर नाहीच. कारण काय, तर "आधीच एवढं तेल आहे, वर आणखी कशाला?"

घोळ इथेच होता. तेल आणि पाणी या त्वचेच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेल, म्हणजे सीबम, तैलग्रंथींत तयार होतं आणि त्याचं प्रमाण मुख्यतः हार्मोन्स ठरवतात. कितीही घासून धुतलं तरी वरचं तेल जातं, ग्रंथींचं काम थांबत नाही. पाणी धरून ठेवण्याचं काम सगळ्यात वरच्या थराचं. तिथल्या पेशींच्या मधल्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड या स्निग्ध पदार्थांचा लेप असतो. सारखं धुण्याने आणि ॲसिडच्या भडिमाराने तो विरळ होतो, पाणी उडून जातं आणि बाहेरचं काहीही आत झोंबू लागतं. म्हणून चेहरा एकाच वेळी चमकतोही आणि तडतडतोही. नेहाच्या प्रश्नावल्यांची उत्तरं बदलत होती ती याच कारणाने. दुखावलेला चेहरा बघून त्वचेचा प्रकार ठरवताच येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

एक शंका मात्र डॉक्टरांकडून दूर करून घेतली. नाकाच्या कडेला, भुवयांत पापुद्रे आणि सोबत डोक्यात कोंडा असेल तर तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे तैलग्रंथी जास्त असलेल्या भागांवर येणारा त्वचेचा दाह, असू शकतो. लोक त्याला कोरडेपणा समजून क्रीम चोळत बसतात. नेहाला तो नव्हता. उत्पादनांमुळे झालेला दाह होता. आणि हो, "कुणी दिलेलं, लगेच उजळ करणारं" एखादं क्रीम वापरतेस का, हेही विचारलं. अशा क्रीममध्ये स्टेरॉइड असेल तर त्वचा पातळ होते, आणि ते अचानक सोडलं तरी त्रास उसळतो. तिथे डॉक्टरांशिवाय पुढे जायचं नाही.

मग ठरलं ते फारच थोडं. चार आठवडे फक्त तीन गोष्टी: दिवसातून दोनदा सौम्य क्लीन्सर, सुगंध नसलेलं सिरॅमाइड आणि ग्लिसरीनचं हलकं मॉइश्चरायझर, आणि सकाळी एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन. क्लीन्सर सौम्य का, तर निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच 5 च्या आसपास, आणि नेहमीचा अंगाचा साबण 9-10 पर्यंत, म्हणजे अल्कधर्मी बाजूला, जातो. सीरम कपाटात. नेहाला हे सोपं गेलं नाही. पहिल्या आठवड्यात तिचा निरोप आला, "ताई, काहीच न लावल्यासारखं वाटतंय, पुळ्या वाढतील ना?" ही भीती खरी असते, म्हणून मी तिला रोज आरशात न्याहाळण्याऐवजी आठवड्यातून एकदा त्याच खिडकीजवळ, त्याच उजेडात बघायला सांगितलं. वरचा थर नव्याने घडायला साधारण महिना लागतो. रोज बघून फक्त जीव टांगणीला लागतो.

चुरचुर थांबल्यावरच प्रकार तपासला. चेहरा सौम्यपणे धुवायचा, काहीही लावायचं नाही, तासाभराने बघायचं. सगळीकडे ओढल्यासारखं वाटलं तर कोरडी, सगळीकडे चमक आली तर तेलकट, कपाळ-नाक-हनुवटी चमकली आणि गाल साधे राहिले तर मिश्र, दोन्ही नसेल तर सामान्य. संवेदनशीलता यांपैकी कुठल्याही प्रकारात असू शकते. नेहाची त्वचा मिश्र निघाली.

निवडीत मी नावापेक्षा पोताकडे आधी बघते. तेलकट आणि मिश्र त्वचेला जेल किंवा पातळ लोशन मानवतं, कोरडीला घट्ट क्रीम, फारच कोरडीला पेट्रोलियम जेली असलेलं मलम. नेहाने सॅलिसिलिक पुन्हा सुरू केलं, पण आठवड्यातून दोन रात्री. हे ॲसिड तेलात विरघळतं, म्हणून छिद्रांत पोहोचतं, तिच्या नाकावरच्या काळ्या ठिपक्यांसाठी ते योग्यच होतं. रेटिनॉल सध्या नको म्हटलं, आणि पुढे गर्भधारणेचा विचार असेल तर ते टाळायचं हेही सांगून ठेवलं. नवीन काही आणलं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, 7 ते 10 दिवस लावून बघायचं, आणि एका वेळी एकच. तीन बाटल्या एकदम सुरू केल्या आणि चेहरा लाल झाला, तर दोष कुणाला देणार?

पाळीच्या आधी तिला अजूनही दोन-चार पुळ्या येतात. त्या येतील. पण खोल, दुखणाऱ्या गाठी किंवा डाग ठेवून जाणाऱ्या पुळ्या सुरू झाल्या तर दुकानातली उत्पादनं बदलत राहण्यात वेळ घालवू नकोस, सरळ डॉक्टरांना दाखव, असं मी तिला बजावलंय.

शेवटच्या भेटीत ती आईला घेऊन आली. आईने लेकीचं जेल लावून बघितलं होतं आणि तिच्या गालांना ते पुरत नव्हतं. रजोनिवृत्तीनंतर सीबम कमी होतं, त्वचा कोरडी पडत जाते. आईला मी घट्ट क्रीम सुचवलं आणि ते आंघोळीनंतर, चेहरा अजून ओलसर असतानाच लावायला सांगितलं. सनस्क्रीन तेवढं दोघींचं एकच चाललं.