बोअर करू की नवी गाडी घेऊ?

बार्शीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. २०११ ची स्प्लेंडर, १ लाख १० हजार किलोमीटर झालेली. किक हलकी लागते, चढाला दम नाही, ॲव्हरेज ६० वरून ४५ वर आलंय. मेकॅनिक म्हणतो, ‘कॉम्प्रेशन गेलंय, बोअर करा, ९ हजार.’ (कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब; बोअर करणं म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून घासून मोठा करणं आणि नवा पिस्टन बसवणं.) घरचे म्हणतात, २० हजारांची आरडी मोडा, उरलेले ७५ हजार हप्त्यावर घ्या आणि नवी गाडी आणा.

नव्या गाडीचा हिशोब आधी. ७५ हजारांना ११ टक्क्यांनी ३ वर्षांचं कर्ज घेतलं तर हप्ता साधारण २,४५५ रुपये आणि व्याज १३ हजारांच्या वर. तुमचं फिरणं महिन्याला १,००० किलोमीटर. ॲव्हरेज सुधारलं तर साडेपाच लिटर वाचेल, म्हणजे पावणेसहाशे रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला हे शोरूमवाला सांगेलच. तरी हप्ता पेट्रोलमधून सुटत नाही. आरडीला हात लावू नका.

पण ९ हजारही लगेच देऊ नका. तुमच्या पत्रात कॉम्प्रेशन मोजायचा गेज लावल्याचा उल्लेखच नाही, आणि न तपासता सांगितलेलं बोअर म्हणजे अंदाज. आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट, सेट करून घ्या. टॅपेट फार टाइट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन तिथूनच निसटतं; हे काम काहीशे रुपयांत होतं. मग इंजिन गरम असताना प्लग काढून गेज लावायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून काटा वर चढायचा थांबेपर्यंत किका मारायच्या. आकडा लिहून ठेवा. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, दोन किका मारून ते पसरू द्या आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरची आतली भिंत घासलीय, मेकॅनिक बरोबर. जेमतेम हलला तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा (हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, गॅस्केट म्हणजे त्याखालचं पॅकिंग). मग फक्त हेड उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंड करून भागतं आणि बोअरचा खर्च वाचतो. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल आणि ऑइल कमी होत असेल, तर मात्र माझाही संशय रिंगांवरच.

बोअरच निघालं तरी करा. नुसत्या पेट्रोलमधून ९ हजार सोळा महिन्यांत वसूल होतात. २०२६ मध्ये गाडीला १५ वर्षं होतात, त्यामुळे नोंदणी नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचे पैसेही बाजूला ठेवा. इंजिनचं काम नूतनीकरणाच्या तपासणीच्या आधी उरका, नाहीतर पीयूसीलाच अडकाल.

बोअरसाठी ब्लॉक (सिलिंडरचा भाग) उतरला की कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा, वर-खाली हलवून बघायला सांगा. तो सैल हलत असेल तर क्रँक काढावा लागतो, म्हणजे फुल इंजिनचं काम. त्याच्या खर्चाचा जास्तीत जास्त आकडा इंजिन उघडण्याआधीच मेकॅनिककडून लिहून घ्या. १५ हजारांच्या वर असेल तर काम सुरू करण्यापूर्वी मला पुन्हा लिहा.