तेल-तूप सोडलं, तरी बाबांचे ट्रायग्लिसराइड का उतरत नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे: बाबा 62 वर्षांचे, कोथरूडला राहतात, गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून घरात तूप बंद, भाजी चमचाभर तेलात. तरी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 240 आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 34. आता कुणी सांगितलं की कर्बोदकंच तोडा, म्हणून भात-पोळी बंद करावी का?

बंद करू नका. आधी एवढंच बघा, की तूप गेलं त्या जागी बाबांच्या पोटात काय जायला लागलं.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. 19 वर्षं हृदयरुग्णांच्या ताटात डोकावतेय, आणि तुमच्या घरचं चित्र माझ्या ओळखीचं आहे. गेल्या पावसाळ्यात एक काका-काकू आले होते. काकू म्हणाल्या, "चार महिने झाले, घरात तूप आणलेलं नाही." मी सकाळपासूनचं विचारत गेले. सहाला चहाबरोबर चार टोस्ट. नऊला पोहे. अकराला मारी बिस्किटं. दुपारी पोळ्या, पातळ वरण, भात. चारला पुन्हा चहा आणि खारी, कारण "खारी हलकी असते". रात्री मऊ भात. उसळ आठवड्यातून एकदा, कोशिंबीर चवीपुरती. काकू बोटांवर मोजत होत्या, मधेच थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना कुणी "तेलकट टाळा" याच्या पुढे काही सांगितलंच नव्हतं.

टोस्ट म्हणजे मैदा आणि साखर. त्यात कोंडा नाही, की पचन लांबवेल असं काही नाही. पिष्ट झरझर फुटतं, रक्तातली साखर चढते, मागोमाग इन्सुलिन चढतं. स्नायूंना एवढी साखर एका वेळी लागत नाही. उरलेली यकृताकडे जाते, यकृत तिची चरबी करतं आणि रक्तात सोडतं. तेच बाबांच्या रिपोर्टमधले ट्रायग्लिसराइड. ते वाढले की एचडीएल सहसा घसरतं आणि एलडीएलचे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचे, कण लहान, घट्ट होतात. म्हणजे तेलाचा थेंबही न घेता रक्तातली चरबी वाढू शकते. खारीचं तर दुहेरी दुखणं आहे, तिच्या पदरांमध्ये वनस्पती तूप किंवा मार्गारिन असतं. घरचं चमचाभर तूप टाळून माणूस हे खात असतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याला मोठ्या अभ्यासांचा आधार आहे. टोरांटो विद्यापीठाच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी 1981 साली ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना मांडली: कुठला पदार्थ रक्तातली साखर किती वेगाने चढवतो याचं माप. त्यांच्याच गटाने 2021 साली 20 देशांतल्या 1,37,851 लोकांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात भारतही होता. साधारण साडेनऊ वर्षं माग ठेवला. साखर भरभर चढवणारा आहार घेणाऱ्यांपैकी ज्यांना आधी हृदयविकार नव्हता, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका 21 टक्क्यांनी जास्त दिसला. ज्यांना आधीच हृदयविकार होता, म्हणजे तुमच्या बाबांसारखे लोक, त्यांच्यात 51 टक्क्यांनी जास्त. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे, त्यामुळे कार्यकारण सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण शरीरात जे घडतं त्याच्याशी ती जुळते.

याच पाहणीतल्या लोकांवर त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या लेखात मैद्यासारख्या परिष्कृत धान्याचं प्रमाण दिवसाला 350 ग्रॅमच्या वर गेलं तर धोका वाढलेला दिसला. पांढऱ्या भाताचा तसा स्पष्ट संबंध दिसला नाही. म्हणून भाताचं नाव ऐकून घाबरू नका. वाटीभर भात आणि त्याच्या बरोबरीने घट्ट वरण, भाजी घेतली तर चालेल. ताटभर भात आणि पाण्यासारखं वरण नको.

आपल्या माणसांनी जास्त जपायला हवं, याचं कारण पुण्यातच सापडलंय. इथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. तेव्हा "बाबा तर सडपातळ आहेत" यावर विसंबू नका. पोटाचा घेर मोजा.

आता धान्याचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात 100 ग्रॅममागे तंतू (फायबर) असे आहेत: ज्वारी सुमारे 10 ग्रॅम, बाजरी आणि कणीक 11च्या आसपास, मैदा आणि पॉलिशचा तांदूळ 3 ग्रॅमहून कमी. म्हणजे भाकरी चांगली आणि पोळी वाईट, असं काही नाही. गिरणीतून आलेली कणीक आपण पोळी मऊ व्हावी म्हणून बारीक चाळणीने चाळतो आणि कोंडा कुंडीत टाकतो, नुकसान तिथे होतं. कणीक चाळू नका. पीठ दहा मिनिटं जास्त भिजू द्या, पोळी मऊच होते. ब्राऊन ब्रेड घेत असाल तर पाकीट उलटून घटकांमधलं पहिलं नाव वाचा. तिथे मैदा असेल तर तो रंगवलेला पावच आहे.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू सांगते. आपल्या जेवणात ते सहज बसतं. दोन मध्यम भाकऱ्यांतून 10 ग्रॅम, वाटीभर मटकीच्या उसळीतून चार-पाच, मेथीच्या भाजीतून तेवढेच आणि मंडईतून आणलेला एक पेरू सालीसकट खाल्ला की आठेक. पेरूचा रस मात्र नको. उसळीतले आणि फळांतले काही तंतू पित्ताम्लांना, म्हणजे यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं त्या पाचक आम्लांना, धरून बाहेर नेतात, त्याने एलडीएललाही थोडा उतार पडतो. एकदम वाढवू नका, पोट फुगेल. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्यायला सांगा.

बाबा चतुर्थी करत असतील तर साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, हे लक्षात असू द्या. राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर, असा उपास बरा. पोहे करायचे तर निम्मे पोहे, निम्मे मटार-कांदा-मोड आलेले मूग, वर शेंगदाणे.

तूप अगदी बंदच हवं असं नाही, पोळीवर अर्धा चमचा मला चालतो. पण याचा अर्थ वाटीभर असा घेऊ नका, एलडीएलला ते भोवतं. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी डॉक्टरांना न विचारता थांबवायची नाही. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर हा बदल त्यांच्या कानावर घाला, डोस कमी करावा लागू शकतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर उसळी आणि पेरूबद्दलही आधी विचारा. बाबा मद्य घेत असतील तर ट्रायग्लिसराइडसाठी तेही थांबवावं लागेल.

तीन महिन्यांनी लिपिड तपासणी करा. तोवर एका साध्या दिवसाचं, सकाळच्या पहिल्या चहापासून रात्रीपर्यंतचं सगळं खाणं इथे लिहून टाका, मी वाचून सांगेन. चहाबरोबरचं विसरू नका.