दोन लहान मुलांना घेऊन श्टुटगार्टला यायचंय? मग आधी हे वाच

तुझं पत्र नीट वाचलं. नवऱ्याला श्टुटगार्टला नोकरी लागलीय, ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना, मिळणार आहे. लेक साडेतीन वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा, आणि तू नाशिकला बँकेत. तू विचारलंस की नोकरी सोडू का, सगळ्यांनी एकदमच निघू का, आणि आई, सासूबाई, कामाच्या मावशी यांपैकी कुणीच हाताशी नसताना दोन लहान मुलांचं रोजचं कसं निभतं. माझा थोरला इथे पहिलीत आहे आणि धाकटी अजून किटात, म्हणजे बालवाडीत, जाते, म्हणजे तू ज्यातून जाणार आहेस ते सगळं मला ताजं आठवतं. तुझ्या प्रश्नांचा क्रम मात्र मी बदलते, कारण इथे आईचा दिवस दोनच गोष्टींवर ठरतो: मुलांना किटात जागा मिळाली का, आणि आईला जर्मन येतं का. या दोन्हींची सुरुवात नाशिकहूनच करता येते.

किटा म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. तीन वर्षांखालच्या गटाला क्रिपे म्हणतात, त्यावरच्याला किंडरगार्टन. 1 ऑगस्ट 2013 पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला इथे अशा जागेचा कायदेशीर हक्क आहे. हक्क कागदावर पक्का आहे, पण जागा कमी आणि शिक्षिका त्याहून कमी. म्हणून नवऱ्याच्या हातात भाडेकरार आला की त्याच आठवड्यात त्या गावाच्या नोंदणीत दोन्ही मुलांची नावं घालायची. गाव म्हणते ते मुद्दाम. श्टुटगार्ट, फेलबाख, एसलिंगन, झिंडेलफिंगन, ब्योब्लिंगन, प्रत्येकाची नोंदणी वेगळी, फी वेगळी. बर्लिनला किटाची फी नाही असं तुला कुणीतरी सांगेल. ते खरं आहे, पण आपल्या बाडन-व्युर्टेंबर्ग राज्यात फी भरावी लागते, आणि दोन मुलांची मिळून रक्कम चांगलीच होते. घरखर्चाचा हिशेब मांडताना ती धर.

नुसता ऑनलाइन अर्ज करून थांबू नकोस. घराजवळच्या किटांची यादी काढ, प्रत्येकीच्या संचालिकेला चार ओळींची जर्मन मेल लिही: आम्ही कोण, मुलांची वयं काय, कधीपासून जागा हवी. भेटीचा दिवस ठेवतात तेव्हा मुलांना घेऊन जायचं. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारायचं. याला इथे कुणी चिकटपणा म्हणत नाही, उलट आई-वडिलांना खरंच जागा हवी आहे हे त्यांना कळतं. लेकीला आधी जागा मिळण्याची शक्यता जास्त. मग धाकट्यासाठी तिथेच विचार, कारण भावंडांना बरेचदा प्राधान्य असतं आणि सकाळी दोन टोकांना दोन मुलं सोडण्यात दिवस संपतो. तोवर मुलासाठी टागेसमुटरचा पर्याय खुला ठेव. ही सरकारी परवाना असलेली बाई स्वतःच्या घरी एका वेळी जास्तीत जास्त पाच मुलं सांभाळते, आणि फीची व्यवस्था युगंडआम्ट या मुलांच्या सरकारी खात्यामार्फत होते. एक-दीड वर्षाच्या मुलाला मोठ्या गटापेक्षा ते घरगुती वातावरण मला स्वतःला जास्त आवडतं.

जागा मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवसापासून मूल सोडून कामावर जाता येईल असं नाही. आधी आइनगेव्योनुंग असतं, म्हणजे मुलाला रुळवण्याचा काळ. पहिले काही दिवस तू तिथेच कोपऱ्यात बसायचं, मूल खेळणार. मग तू दहा-पंधरा मिनिटं बाहेर जायचं. मग अर्धा तास, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. मूल फार रडलं तर एक पाऊल मागे. दोन ते चार आठवडे सहज जातात, कधी जास्त. आपल्याकडे पहिल्याच दिवशी फाटकाशी रडतं मूल सोडून यायची रीत आहे. ती पाहिलेल्या माणसाला हे सगळं फार हळू वाटतं. पण माझं ठाम मत आहे की भाषा न येणाऱ्या मुलासाठी हीच पद्धत योग्य आहे. तुझ्या लेकीला तिथे कुणाचंही बोलणं कळणार नाही. तिला एका शिक्षिकेची ओळख पटेपर्यंत तुझं तिथे असणं गरजेचं आहे. तिला पाणी, शू, दुखतंय, नको, आई कधी येणार, एवढे जर्मन शब्द घरीच शिकव आणि शिक्षिकेला त्यांचे मराठी शब्द उच्चाराप्रमाणे रोमन लिपीत लिहून दे. आमच्या धाकटीच्या शिक्षिकेने तो कागद खोलीच्या दारावर लावला होता. तुझी स्वतःची नोकरी लागली तरी रुजू होण्याची तारीख किटा सुरू झाल्यानंतर किमान महिनाभराने ठेव.

आता आजारपण, कारण पहिला हिवाळा यातच जातो. किटात गेलेलं मूल ऑक्टोबर ते मार्च सारखं सर्दी, खोकला, ताप, जुलाब यांतून जातं, आणि ताप असलेलं मूल किटा घेत नाही. सकाळी अकराला फोन येतो, घेऊन जा. इथे आजी नाही, शेजारच्या काकू नाहीत, म्हणून आई किंवा बाबाने निघायचं. कायद्याने त्याची सोय केली आहे. सरकारी आरोग्य विमा असेल तर 2025 मध्ये प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे वर्षाला 15 दिवस रजा मिळते, आणि बुडालेल्या पगाराचा बराचसा भाग विमा देतो. डॉक्टरचा दाखला मात्र पहिल्या दिवसापासून लागतो. हे दिवस नवऱ्यानेही घ्यायचे, हे निघण्याआधीच घरात बोलून ठेव. इथे बाप मुलाच्या तापासाठी घरी राहिला तर साहेब भुवई उंचावत नाही. आपल्याच मनात ते अवघड असतं.

बालरोगतज्ज्ञ मिळणं अवघड आहे, पुष्कळ दवाखाने नवीन मुलं घेत नाहीत. पत्ता ठरला की फोन सुरू कर, मूल आजारी पडायची वाट पाहू नकोस. मूल वाढताना ठरलेल्या वयात तपासण्या होतात, यू-एकपासून यू-नऊपर्यंत, आणि त्यांची नोंद एका पिवळ्या वहीत राहते. ती वही किटाही मागते. तापात अँटिबायोटिक लगेच मिळणार नाही. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनचं औषध, भरपूर पाणी, विश्रांती, आणि तीन दिवसांनी परत या, असं सांगतील. लहान बाळांना ताप उतरवायला गुदद्वारात ठेवायची गोळी देतात, तिची भीती बाळगू नकोस. रात्री किंवा रविवारी 116117, जीवावरचं असेल तर 112. हे दोन आकडे फ्रिजवर लाव.

गोवराची लस इथे सक्तीची आहे. मार्च 2020 पासून त्याचा पुरावा दाखवल्याशिवाय किटा प्रवेश देत नाही, आणि शाळेतही तो मागतात. वर्षानंतर किमान एक डोस आणि दोन वर्षांनंतर दोन. म्हणून निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून दोघांची लसीकरणाची पूर्ण यादी टाइप करून, लसीचं नाव आणि तारीख इंग्रजीत, सही-शिक्क्यासह घे. नुसत्या हातच्या अक्षरातल्या कार्डावर इथले डॉक्टर अडतात.

विम्याबद्दल एक गोष्ट नवऱ्याला आत्ताच सांग. पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर खासगी विमा घेता येतो, आणि एकट्या तरुण माणसाला त्याचा हप्ता स्वस्त दिसतो. पण सरकारी विम्यात न कमावणारी बायको आणि मुलं वेगळ्या हप्त्याशिवाय येतात, खासगीत प्रत्येक जीवाचा वेगळा हप्ता. आणि एकदा खासगीत गेलं की परत येणं सोपं नसतं. दोन मुलं असलेल्या घराने सरकारीतच राहावं असं मी कुणालाही सांगेन. किंडरगेल्ड, म्हणजे मुलांचा भत्ता, 2025 मध्ये दर मुलामागे महिना 255 युरो होता. अर्ज उशिरा केला तर मागचे फक्त सहा महिने मिळतात, म्हणून पत्त्याची नोंदणी झाली की लगेच भर.

एकदम यायचं की नाही? माझं मत, नवऱ्याने आधी यावं, दोन-तीन महिने. इथे पत्त्याची नोंदणी झाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही, आणि तात्पुरत्या सुसज्ज खोल्यांत दोन मुलांना घेऊन राहणं महाग आणि त्रासाचं. भाड्याच्या घरात बरेचदा स्वयंपाकघराचा ओटा, कपाटं, शेगडी काहीच नसतं, ते आपण बसवायचं. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत. आणि घर निवडताना नवऱ्याला नकाशा पाहून नव्हे, चालून पाहायला सांग. श्टुटगार्ट टेकड्यांत वसलंय, जुन्या वस्त्यांत चारशेच्या वर पायऱ्यांच्या वाटा आहेत. बाबागाडी, भाजीची पिशवी आणि दमलेली साडेतीन वर्षांची लेक घेऊन तिथून रोज वर चढणं म्हणजे काय ते तुला तिथे उभं राहिल्यावरच कळेल. लिफ्ट आहे का, श्टाटबानचा, म्हणजे शहरातल्या ट्रामचा, थांबा किती चालून आहे, जवळ खेळाचं मैदान आहे का, एवढं बघितलं की खोल्या एखादी कमी चालते. सहा वर्षांखालच्या मुलांना शहरातल्या बस-ट्रामला तिकीट लागत नाही, त्यामुळे किलेसबर्गच्या बागेतली छोटी आगगाडी, तिथली जनावरं, गावोगावच्या युगंडफार्म (मुलांना जनावरांसोबत खेळता येईल अशा मोकळ्या जागा), सगळं तुम्हाला जवळ होईल.

मदतनीस नसण्याबद्दल. धुणं, भांडी, केर, स्वयंपाक, मुलं, सगळं दोघांत. डिशवॉशर पहिल्या महिन्यात घे, त्यात काटकसर करू नकोस. आपल्या भागात केअरवोखे नावाची रीत आहे, जिन्याची झाडलोट भाडेकरूंनी एकेक आठवडा पाळीने करायची. ती पाळी चुकवली तर शेजारी नाराज होतात, आणि नीट केली तर त्याच शेजारणी तुला ओळखायला लागतात. मुलांच्या आवाजाची काळजी तू लिहिली आहेस. दुपारची आणि रात्रीची शांतता इथे पाळतात, पण लहान मूल रडलं म्हणून कुणी तुला घराबाहेर काढत नाही. रविवारी दुकानं बंद, म्हणून दूध, डायपर, तापाचं औषध शनिवारीच बघायचं. संध्याकाळचा स्वयंपाक मी निम्मा केला आहे: इथल्या घरांसारखं ब्रेड, चीज, काकडी, आणि बरोबर वरणाची वाटी. मुलं आनंदाने खातात. किटात मांस, विशेषतः डुक्कर, नको असेल तर पहिल्याच भेटीत लिहून दे, बहुतेक ठिकाणी शाकाहारी ताट मिळतं. पावसात खेळायला मातीची जाड रबरी पँट आणि गमबूट घे, आणि मूल चिखलात बसलं म्हणून अस्वस्थ होऊ नकोस. थंडी-पावसातही मुलं रोज बाहेर नेतात आणि त्याने ती काटक होतात.

तुझी आई किंवा सासूबाई येऊ शकतात. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस, आणि किमान 30,000 युरोचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. त्यांना मे-जूनमध्ये बोलव. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो आणि म्हातारी माणसं घरात कोंडली जातात.

आता तुझी नोकरी. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला आल्या दिवसापासून काम करायची मुभा आहे आणि व्हिसासाठी जर्मनची परीक्षाही लागत नाही. नेमकं तिथेच पुष्कळ जणी थांबतात, कारण परीक्षा नाही म्हटल्यावर शिकणं पुढे ढकललं जातं, आणि मग किटाच्या पालकसभेत, डॉक्टरकडे, बँकेच्या मुलाखतीत तोंड उघडता येत नाही. नवरा कचेरीत इंग्रजीत काम करेल. मुलांचं सगळं जर्मन तुझ्या वाट्याला येईल. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाचे ऑनलाइन वर्ग आहेत. नवरा पुढे जाईल त्या महिन्यांत ए-वन, ए-टू या जर्मनच्या पहिल्या दोन पायऱ्या एवढं तरी कर. बँकेत दीर्घ रजेची सोय असेल तर राजीनाम्याआधी ती घे. इथे आल्यावर फोल्क्सहोखशूल या प्रौढ शिक्षण केंद्राच्या वर्गात जा, काही ठिकाणी मुलांना सांभाळायची सोय असते. बँकिंगमध्ये परतायला त्याहून वरच्या, बी-टू ते सी-वनच्या आसपासचं जर्मन लागेल, आणि लहान मुलं असताना त्याला वेळ लागतो. तो वेळ स्वतःला दे आणि नवऱ्यालाही देऊ दे: आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुलं त्याची, वर्ग तुझा. पगारातून दरमहा किती कर कापायचा ते नवरा-बायकोच्या करवर्गावर ठरतं. तो निवडताना तीन-पाचच्या जोडीत (नवरा तीन, तू पाच) तुझ्या हातात येणारा पगार कमी होतो, आणि पुढे तिसरं मूल झालंच तर पालकभत्ता त्या पगारावर ठरतो, म्हणून चार-चारचा विचार कर.

घरात मराठीच बोला, दोघांनीही, ठामपणे. किटात जर्मन ती आपोआप उचलतील. लेक कदाचित काही महिने गप्प राहील, मग एकदम बोलू लागेल. शाळेत गेल्यावर मात्र जर्मनमध्ये उत्तरं यायला लागतात, त्याआधीच मराठी गोष्टी, आजीशी रोजचं बोलणं, मंडळातल्या मुलांची संगत लावून ठेव.

कागदांमध्ये एकच सांगते. जन्मदाखल्यावर, पासपोर्टवर आणि विवाह दाखल्यावर तुमच्या सगळ्यांच्या नावांची स्पेलिंग सारखी आहेत का ते आज बघ. पासपोर्टात मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव असेल, तर इथे ते मुलाचंच दुसरं नाव धरलं जातं, आणि तुझं माहेरचं-सासरचं आडनाव वेगवेगळ्या कागदांवर असेल तर प्रत्येक खिडकीवर विचारणा होते.

आणि सुट्ट्या. लेक 30 जूनपर्यंत सहा पूर्ण झाली की त्या सप्टेंबरात पहिलीत जाईल. त्यानंतर शाळेच्या दिवसांत भारतात जाता येत नाही. सक्ती कडक आहे, दंड होतो. गणपती कधी उन्हाळी सुट्टीत येतात, 2025 ला 27 ऑगस्टला आले तसे, पण दिवाळी बहुतेक वर्षी शाळेच्या दिवसांत पडते. म्हणून पुढची दोन-तीन वर्षं दिवाळीला घरी जायचं असेल तर मनसोक्त जा.

नवऱ्याने घरं बघायला सुरुवात केली की पत्ते पाठव, कुठला रस्ता चढाचा आणि कुठल्या भागात किटा जवळ ते मी सांगते.